वरातीतला सूर आणि पहिला अल्बम

पत्र : मी २४ वर्षांचा असून वसईत राहतो आणि ट्रम्पेट वाजवतो. माझ्या वडिलांनी तीस वर्षे लग्नांच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला; वाद्य मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढे जॅझची गोडी लागली आणि गेली पाच वर्षे मी मुंबईत एका शिक्षकांकडे शिकतो आहे. पियानो, बास, ड्रम्स आणि टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या चार मित्रांसह पहिला अल्बम काढावा, असा विचार आहे. माझ्या स्वतःच्या नऊ रचना तयार आहेत आणि साडेतीन लाख रुपये साठवले आहेत. मात्र या रचना लोकांसमोर आम्ही आजवर तीनदाच वाजवल्या आहेत. शिक्षक म्हणतात, "अजून पाच वर्षे थांब, तुझा सूर तुला सापडलेला नाही." रेकॉर्डिंग करणारा मित्र म्हणतो, की प्रत्येकाचे वाद्य वेगवेगळे रेकॉर्ड करू, चुका नंतर दुरुस्त करू, आणि तबला व एखाद्या रागाची झलक घातली तर परदेशातही लोक ऐकतील. मनाला सर्वांत जास्त लागले ते एका जाणकार श्रोत्याचे बोलणे : "तुमच्या वाजवण्यात अजून लग्नाचा बँड ऐकू येतो." तेव्हापासून मी माझा आवाज बदलण्याच्या खटपटीत आहे. मी काय करावे? आणि अल्बम काढलाच, तर सुरुवात कोणत्या रचनेने करावी? – एक ट्रम्पेटवादक, वसई

सप्रेम नमस्कार,

तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेल्या दुखण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा उलगडा झाल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही. तुमच्या वाजवण्यात लग्नाचा बँड ऐकू येतो, हे त्या श्रोत्याने उणे म्हणून सांगितले असेल आणि तुम्हीही ते उणे म्हणूनच ऐकले; पण ज्या संगीताचा तुम्ही अल्बम काढू पाहता आहात, त्या संगीतातला ट्रम्पेट मुळात रस्त्यावरच्या बँडमधूनच आला आहे. जॅझ जिथे जन्मला त्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये मिरवणुकीला बँड असे आणि अंत्ययात्रेलाही असे. दफनभूमीकडे जाताना संथ भजने वाजत आणि परतताना तीच मंडळी नाचायला लावणाऱ्या चाली वाजवत. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडल्यामुळे मुलांच्या सुधारगृहात गेले आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचेच आखूड भावंड, वाजवायला शिकले. त्या बँडबरोबर ते शहराच्या रस्त्यांवरून चालत वाजवत असत. पुढे १२ नोव्हेंबर १९२५ रोजी शिकागोत त्यांनी स्वतःच्या नावाने पहिले ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्या रुंद, भरदार, लांबवर पोहोचणाऱ्या आवाजातली मिरवणूक त्यांनी पुसून टाकली नव्हती. जगाने त्यांचा आवाज ओळखला तो त्या ताकदीमुळेच.

आपल्याकडचा इतिहासही वेगळा नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य धरायला शिकवले जाई, आणि तिथे तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, त्यांपैकीच एक. ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेटवर जॅझ वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकरांच्या, गाण्यांतही तितक्याच मोकळेपणाने वाजवत होता. एकाच फुंकेवर त्यांनी दोन्ही घरे सांभाळली.

तरीही त्या श्रोत्याचे म्हणणे झटकून टाकू नका, कारण त्याने बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून सांगितल्या आहेत आणि त्या तुम्ही वेगळ्या करायला हव्यात. वसईतल्या लग्नाची वरात मी ऐकलेली आहे. उघड्यावर, ढोलाच्या गजरात, चालता चालता वाजवायचे असल्यामुळे वादक पोटातून भरपूर हवा देतो, सूर खालून उचलून वर आणतो आणि प्रत्येक लांब सुराला शेवटपर्यंत रुंद कंप देत राहतो, म्हणजे तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. यातला हवेचा भरणा ही तुमची कमाई आहे. वर्गात शिकून ती सहज येत नाही. ती वडिलांच्या मागे चालून येते. प्रत्येक सुरावरचा कंप मात्र सवय आहे. रोज सकाळी एखादी संथ चाल दोनदा वाजवा : एकदा अजिबात कंप न देता, सूर काठीसारखा सरळ ठेवून, आणि दुसऱ्यांदा फक्त सूर संपता संपता, अगदी शेवटच्या मात्रेवर कंप देऊन. दोन्ही वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. दोन-तीन महिन्यांत कंप तुमच्या हुकमात येईल, आणि तो हुकमात आला की जिथे हवा तिथे पूर्ण वरातीचा कंप द्यायला तुम्ही मोकळे असाल. आवाज बदलण्याची खटपट मात्र आजच थांबवा. तुमच्या पहिल्या अल्बममध्ये दुसऱ्या कोणाकडेही नसलेली एकच गोष्ट असणार आहे, आणि तीच तुम्ही घासून काढायला निघाला आहात.

आता थांबण्याचा प्रश्न. सूर सापडलेला नाही, हे तुमच्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर असू शकेल. पण सूर पुरता सापडल्यावरच पहिला अल्बम काढायचा असता, तर या वाद्यावरचे अनेक उत्तम अल्बम निघालेच नसते. फिलाडेल्फियाचा ली मॉर्गन अठरा वर्षांचा होता, डिझी गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये नुकताच दाखल झाला होता, आणि ४ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याने ब्लू नोट कंपनीसाठी आपला पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात पियानोवर होरेस सिल्व्हर आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स होते. तो ऐकताना क्लिफर्ड ब्राउन या ट्रम्पेटवादकाची छाया लपत नाही. ब्राउन त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोटार अपघातात वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला होता. तरीही त्या छायेतून मधूनच एक खट्याळ, उर्मट मुलगा डोके वर काढतो, आणि तो मुलगा संपूर्णपणे मॉर्गनचा आहे. ज्या रचनेमुळे त्याचे नाव घरोघर पोहोचले, ती 'द साइडवाइंडर' त्याने सात वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केली. शोध अर्ध्यावर असताना काढलेला तो पहिला अल्बम आजही ऐकावासा वाटतो.

म्हणून पाच वर्षे थांबा, असे मी म्हणणार नाही. पण लगेच स्टुडिओत जा, असेही म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रातला मला सर्वांत काळजीचा वाटलेला आकडा पाच वर्षांचा किंवा साडेतीन लाखांचा नसून तीनचा आहे. या रचना तुम्ही लोकांसमोर फक्त तीनदा वाजवल्या आहेत. रचना कागदावर पूर्ण होते ती अर्धीच. उरलेली अर्धी ती लोकांसमोर वाजवताना, ड्रमरने अचानक ठेका सोडून दिल्यावर किंवा समोरचा श्रोता कंटाळून उठल्यावर पूर्ण होते. पुढचे सहा-आठ महिने या रचना किमान वीस वेळा लोकांसमोर वाजवा. जागा मानाची नसली तरी चालेल. चर्चचे सभागृह, महाविद्यालय, कोणाच्या घरची गच्ची, काहीही. विसाव्या वेळेपर्यंत नऊपैकी दोन-तीन रचना तुम्ही स्वतःच यादीतून काढून टाकलेल्या असतील.

त्या गळाल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या रचना आपल्याच हव्यात, हा आग्रह पहिल्या अल्बमच्या वेळी फार जणांना असतो. आपण केवळ वादक नसून रचनाकारही आहोत, हे एकाच फटक्यात सिद्ध करायचे असते. मॉर्गनच्या त्या पहिल्या अल्बममध्ये सहा रचना आहेत आणि त्यांतली एकही त्याची स्वतःची नाही. त्या होरेस सिल्व्हर, बेनी गोल्सन, ओवेन मार्शल आणि डोनाल्ड बर्ड यांच्या आहेत. फ्रेडी हबर्ड या ट्रम्पेटवादकाने बाविसाव्या वर्षी, जून १९६० मध्ये आपला पहिला अल्बम केला, तेव्हा त्यातही त्याची स्वतःची रचना एकच होती. दोन रचना त्याच्या शेजारी उभा राहून टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या टिना ब्रुक्सच्या होत्या, आणि अल्बमचे नावही त्यांपैकीच एकीचे, 'ओपन सेसमी'. तुमच्या सॅक्सोफोनवादक मित्राकडे एखादी चांगली रचना असेल तर ती मागून घ्या. वाजवताना त्याचा जीव तिच्यात अधिक गुंतेल आणि त्याचा फायदा तुमच्या अल्बमलाच होईल. जुनी प्रसिद्ध गाणी घ्यायची असतील, तर मात्र परवानगी आणि मानधनाचा प्रश्न जाणत्या माणसाला विचारून आधी सोडवा. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. बीबॉपच्या, म्हणजे १९४० च्या दशकातल्या वेगवान जॅझच्या, पिढीने काढलेली वाट तुम्हालाही मोकळी आहे : जुन्या गाण्याची स्वरसंगतीची चौकट ठेवायची आणि तिच्यावर आपली नवी चाल बांधायची. 'हाउ हाय द मून'च्या चौकटीवर 'ऑर्निथॉलॉजी' अशीच उभी राहिली. एकूण सहा रचना, सुमारे चाळीस मिनिटे, एवढे पुरे आहे.

वाद्ये वेगवेगळी रेकॉर्ड करून नंतर जोडण्याचा सल्ला तुमच्या मित्राने चांगल्या हेतूने दिला असणार, पण तो मानू नये असे मला मनापासून वाटते, आणि का वाटते ते एका अनुभवावरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तरुण ट्रम्पेटवादकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला मी काचेअलीकडे, ध्वनिमुद्रकाच्या खोलीत, बसलो होतो. एका संथ रचनेचा तिसरा टेक चालू होता. दुसऱ्या ओळीतल्या वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. पियानोवादकाने ते ऐकले आणि पुढच्या दोन बारसाठी, म्हणजे तालाच्या दोन छोट्या खंडांसाठी, डावा हात पूर्णपणे उचलून घेतला, जणू त्याला सावरायला जागा दिली. त्या रिकाम्या जागेत ट्रम्पेटवादकाने तोच सूर पुन्हा घेतला, या वेळी खालच्या पट्टीत, अगदी हलक्या फुंकेने. खोलीत कोणी हलले नाही. दुसऱ्या दिवशी फाटलेला सूर दोष ठरवून त्या जागी पाचव्या टेकमधली स्वच्छ ओळ चिकटवण्यात आली. पियानोचा हात मात्र तिथे तसाच उचललेला राहिला, आणि आता तो का उचलला आहे, याला काही कारणच उरले नव्हते. तो अल्बम आजही माझ्याकडे आहे. ती रचना आली की मी ती दोन बार ऐकतो आणि मला अजून वाईट वाटते.

जॅझमध्ये चार माणसे एकमेकांना ऐकत असतात आणि ते ऐकणेच टेपवर उतरते. मॉर्गनचा तो अल्बम न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित झाला. व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर तपासण्याचा व्यवसाय करत आणि उरलेल्या वेळेत ही ध्वनिमुद्रणे करत. सगळे वादक एकाच खोलीत वाजवत. ब्लू नोटचे आल्फ्रेड लायन यांची एक पद्धत तुम्ही जरूर उचला : ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमींसाठी ते वादकांना वेगळे पैसे देत. तुमच्या साडेतीन लाखांमधला पहिला वाटा या चार मित्रांचा असू द्या, तालमी धरून, आणि कोणाला किती द्यायचे ते आधीच लिहून ठेवा. मुखपृष्ठ, चित्रफीत, जाहिरात यांचा विचार त्यानंतर. पैशांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

स्टुडिओतल्या दिवसाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण ट्रम्पेटवादकाचा दिवस इतरांच्या दिवसासारखा नसतो. पियानोवादक आठ तास वाजवू शकतो. तुमचे ओठ तीन-चार तासांनंतर तुमचे ऐकणार नाहीत. एकाच दिवसात सगळे उरकण्याचा मोह टाळून दोन दिवस घ्या आणि रोज तीन रचना ठेवा. वरच्या पट्टीतली रचना ओठ गरम झाल्याबरोबर, पण दमण्याआधी घ्या. एका रचनेचे तीन टेक झाले की ती बाजूला ठेवा; चौथ्या टेकपासून माणूस चूक टाळण्यासाठी वाजवू लागतो. पियानो त्याच दिवशी सकाळी लावून घ्या. स्टुडिओतल्या थंड हवेत पितळ गार पडते आणि सूर खाली उतरतो, पियानो मात्र आपल्या जागी राहतो. म्हणून दोन टेकच्या मध्ये वाद्य स्टँडवर न ठेवता हातात धरा आणि त्यातून नुसती उबदार हवा फुंकत राहा, नाहीतर पहिल्या दोन ओळी बेसूर जातील आणि कारण कोणाच्या लक्षात येणार नाही. उपलब्ध असेल तर रिबन मायक्रोफोन मागा. तो पितळेची धार बोथट न करता तिच्यातला कर्कशपणा कमी करतो. तो नाजूक असतो, त्यामुळे ट्रम्पेटचे तोंड सरळ त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला, दोन-तीन फुटांवर ठेवा. तुमच्या फुंकेची ताकद पाहता हे अंतर अधिकच जपावे लागेल.

तबला आणि रागाची झलक यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : झलक म्हणून नको. मी विरोध करतो तो मिश्रणाला नाही, त्यामागच्या घाईला. शिकागोजवळ वाढलेला अमीर एल्सफ्फार हा ट्रम्पेटवादक इराकी वडिलांचा मुलगा. २००१ मध्ये जॅझ ट्रम्पेटच्या एका मोठ्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून तो पुढच्या वर्षी बगदादला गेला, तिथली मकाम गायकी शिकला, नंतर युरोपात राहणाऱ्या उस्तादांकडे शिकत राहिला, आणि तीन पडद्यांच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन खटक्यांच्या, ट्रम्पेटवर आपल्या स्वरांच्या अधलेमधले सूर ओठांनी आणि नळीच्या सरकत्या भागाने कसे काढायचे, यावर त्याने अनेक वर्षे घालवली. 'टू रिव्हर्स' हा त्याचा अल्बम आला तो २००७ मध्ये. तुम्हाला यमन किंवा भूप मनापासून हाका मारत असेल, तर एखाद्या गुरूंकडे बसा, पडदा अर्धा दाबून मींड कशी येते ते शोधा, आणि ते पाचव्या किंवा सहाव्या अल्बममध्ये येऊ द्या. परदेशातल्या अनोळखी श्रोत्याला आवडावे म्हणून घातलेला तबला तबलजीलाही मान देत नाही आणि तुम्हालाही नाही. आणि आपल्या मातीचा सूर तुम्हाला हवाच असेल, तर तो तुमच्याजवळ आधीपासून आहे. त्याविषयीच तर आपण सुरुवातीला बोललो.

शिक्षकांशी या सर्वांबद्दल मोकळेपणाने बोला. त्यांना न सांगता स्टुडिओ ठरवू नका. वीस कार्यक्रमांची योजना त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांतल्या निदान तीन कार्यक्रमांना त्यांना बोलवा. पाच वर्षे थांब म्हणणाऱ्या गुरूलाही आठ महिन्यांत झालेला फरक ऐकू येतो. ध्वनिमुद्रण करणे आणि ते प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांना आणि स्वतःलाही सांगा. वूडी शॉ या ट्रम्पेटवादकाने १९६५ मध्ये, ऐन विशीत, स्वतःच्या नेतृत्वाखाली केलेले ध्वनिमुद्रण १९८३ पर्यंत बाहेर आले नव्हते. मधल्या काळात त्याचे अनेक अल्बम येऊन गेले. दोन दिवसांनंतर जे हाती येईल ते ऐकून शिक्षकांनी आणि तुम्ही मिळून थांबायचे ठरवले, तर पैसे वाया गेले असे समजू नका.

राहिला पहिल्या रचनेचा प्रश्न. तुमच्या नऊ रचना मी ऐकलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यातून मी निवडू शकत नाही. पण नवरीला घरातून चर्चकडे नेताना तुमचे वडील वाजवत असत अशी एखादी चाल तुम्हाला नक्की आठवत असेल. ती त्यांच्याकडून पुन्हा नीट मागून घ्या. त्यांच्या श्वासाच्या जागा कुठे आहेत, कुठे ते सूर खालून उचलत, तेही विचारा. चाल कोणाची आहे आणि तिला परवानगी लागते का, तेवढे पाहून घ्या. मग अल्बमची सुरुवात तिने करा. पहिले आठ बार फक्त ट्रम्पेट असू द्या, बास नाही, ड्रम्स नाहीत, आणि ते आठ बार पूर्ण वरातीच्या फुंकेने, हवा तेवढा कंप देऊन वाजवा. नवव्या बारला बासने हळूच आत यावे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी वडिलांना काचेअलीकडे बसवून घ्या.